तीन मीटरची चढण

नानांच्या शर्टाला दोन खिसे असायचे. घरून निघताना डाव्या खिशात मूठभर कच्ची तूर असायची आणि उजवा रिकामा. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, काही नवस असेल किंवा कुणा वैद्याने सांगितलं असेल. प्रत्यक्षात ते आमच्या कंपनीचं मोजमापाचं साधन होतं. आकडेवारीचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्या साधनाचा सगळ्यात जास्त त्रास मला व्हायचा.

जळगावात एमआयडीसीला लागून एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही बारा जण बसतो. ठिबक सिंचनाचं सॉफ्टवेअर करतो. शेताची मापं, पंपाची ताकद, नळ्यांची जाडी आणि जमिनीची चढण त्यात भरली, की पाणी शेवटच्या झाडापर्यंत किती दाबाने पोहोचेल ते नळी जमिनीत गाडण्याच्या आधीच पडद्यावर दिसतं. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानांत डिझाइन करणारी माणसं असतात, ती हे वापरतात. ती ते कशी वापरतात, कुठे अडतात, काय बदलायला हवं, हे जाऊन बघायचं काम नानांकडे होतं. नाना मूळचे धुळ्याकडचे. तीस-बत्तीस वर्षं पाइपच्या कारखान्यात ड्रॉइंग काढून निवृत्त झालेले. संगणकावर एका बोटाने टाइप करायचे आणि टाइप करताना त्या बोटाकडे असे बघायचे, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

त्यांची पद्धत अशी. एसटीने जायचं. कंपनीची गाडी कधी घ्यायची नाही, कारण गाडी दारात उभी राहिली की दुकानदार टेबल पुसायला लागतो. सोबत एक घडीचं स्टूल. वापरणाऱ्याच्या मागे, थोडं डावीकडे, ते स्टूल टाकून बसायचं आणि अर्धा तास तोंड उघडायचं नाही. काम करणारा माणूस अडला, थांबला, मान खाजवली, बाजूचं कॅल्क्युलेटर ओढलं, की डाव्या खिशातला एक दाणा उजव्या खिशात. परत आले की उजवा खिसा माझ्या टेबलावर रिकामा करायचे.

"मोज," म्हणायचे. "बोदवड."

मी मोजायचो. सतरा. मग ते चिठ्ठी पुढे करायचे. तिच्यावर एखादंच वाक्य असायचं. ‘बोदवडचे शेठ पुढचं बटण दाबण्याआधी दर वेळी श्वास रोखतात.’

"नाना, हे वाक्य मी तक्त्यात कुठल्या रकान्यात घालू?"

"नवीन रकाना कर ना, दशांशभाऊ."

दशांशभाऊ हे नाव त्यांनीच मला ठेवलेलं. मला सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत लागतं हे खरं आहे. घरी गॅसची टाकी लावली की मी तिच्यावर खडूने तारीख लिहितो. बायको हसते. मी तरीही लिहितो.

तुरीच्या आधी नाना फुटाणे वापरायचे, हे मला नंतर कळलं. फुटाणे का सोडले, असं विचारलं तर म्हणाले, "भडगावहून येताना गाडी दोन तास बंद पडली. भूक लागली."

"म्हणजे तुम्ही निकाल खाल्लात?"

"बठ्ठा," नाना म्हणाले, म्हणजे सगळा. त्यांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. "पण चव लक्षात शे."

ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलायचे. खूश झाले, किंवा समोरच्याची फिरकी घ्यायची असली, की अहिराणी बाहेर यायची आणि ‘आहे’चं ‘शे’ व्हायचं.

माझी पद्धत वेगळी होती. मी एक फॉर्म तयार केला होता. बारा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. फोन करून विचारायचं आणि भरायचं. एका दुपारी वीस जण व्हायचे. नानांना वीस जणांपर्यंत जायला पाच आठवडे लागत. माझ्या फॉर्मवर बहुतेक सगळे पाचपैकी पाच द्यायचे, एखादा चार. मला त्याचा आनंद व्हायचा. नानांना तो फॉर्म दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाले, "ही बाजू बरी आहे."

"अहो, लोक खोटं कशाला बोलतील?"

"खोटं नाही बोलत. जपतात आपल्याला."

मला ते तेव्हा समजलं नाही. माझ्या बायकोला मात्र लगेच समजलं असतं. एकदा नानांना मी जेवायला घरी नेलं होतं. हिवाळ्यात, वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीसाठी. बायकोने विचारलं, "नाना, भरीत कसं झालंय?" नाना म्हणाले, "वहिनी, एक नंबर." ते गेल्यावर मी तिला म्हटलं, बघ, पाचपैकी पाच मिळाले. ती ताटं उचलत म्हणाली, "चार वेळा पाणी मागितलं त्यांनी. मिरच्या जास्त पडल्या माझ्याकडून." मी समोर बसून जेवत होतो आणि पाण्याचे तांबे काही मोजले नव्हते.

तर हे असं चाललेलं असताना आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, माणूस चांगला, पण त्यांना प्रत्येक गोष्ट एका कागदावर हवी असते. म्हणाले, "नानांच्या दौऱ्यांतून आपल्याला नेमकं काय मिळतं, ते आकड्यांत सांगा. नवीन आवृत्ती काढायची आहे. फॉर्म आणि फाइलींवरून भागत असेल तर दौरे बंद करू. सोमवारच्या बैठकीत ठरवू."

दौरे बंद म्हणजे नाना घरी. नानांकडे दुसरं काम नव्हतं आणि त्यांना दुसरं काम देण्यासारखंही नव्हतं. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा रकाना माझ्या तक्त्यात नसतो. मी अहवाल लिहायला घेतला.

वापरणाऱ्यांच्या डिझाइनच्या फाइली त्यांच्या परवानगीने आमच्याकडे जमा होतात. मी रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या शेतांच्या एकशे चाळीस फाइली काढल्या. त्यांतल्या एकशे बावीस फाइलींत जमिनीची चढण तीन मीटर भरलेली होती. मला वाटलं, ही मोठी गोष्ट हाती लागली. मी लिहिलं: या भागातली शेतं चढाची आहेत, म्हणून नवीन आवृत्तीत चढणीच्या चौकटीत तीन मीटर आधीच भरलेलं असावं, वापरणाऱ्याचे श्रम वाचतील. पुढे लिहिलं: अशी माहिती जागेवर न जाताही मिळते. आणि चौथ्या पानावर शेवटचं वाक्य: ‘सबब प्रत्यक्ष दौरे बंद करावेत.’

ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला न दाखवता कागद पुढे पाठवणं मला बरं वाटेना. शुक्रवारी संध्याकाळी मी अहवाल नानांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून चारही पानं वाचली. शेवटच्या वाक्यावर बोट आलं, वाक्याच्या टोकापर्यंत गेलं, आणि पान मिटलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी परत दुसरं पान उघडलं.

"ही चढण कुठली?"

"फाइलींतली. एकशे बावीस."

"यावलची?"

"यावल, रावेर, फैजपूर. सगळीकडची."

नाना माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर रिपोर्ट बघून आधी पेशंटचा चेहरा बघतात तसे. मग म्हणाले, "उद्या सकाळी सातची गाडी. टोपी घे. ऊन फार शे."

भुसावळला गाडी बदलली. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. नाना खिडकीपाशी मला बसवून स्वतः बाजूला बसले होते.

"चढण दिसली की सांग," म्हणाले.

मी बघत होतो. केळीची पानं, मध्ये मध्ये मोटारीच्या खोल्या, परत केळी. लांब उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता, पण रस्त्याच्या कडेची शेतं परातीसारखी सपाट. एका बागेत पाट भरला होता आणि पाणी नुसतं उभं होतं. पंधरा मिनिटांनी नाना म्हणाले, "दिसली?"

"नाही अजून."

"मान अवघडली तर सांग. जागा बदलू."

यावलच्या अलीकडे एका गावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. तिथे डिझाइनचं काम एक ताई करतात. तिशीच्या, चटपटीत, दुकानात येणारा शेतकरी बसायच्या आत त्याला किती एकर, किती हॉर्सपॉवर विचारणाऱ्या. माझ्या फोनवरच्या फॉर्मला त्यांनी बाराच्या बारा प्रश्नांना पाच गुण दिले होते. त्यांना नानांची सवय होती. नानांनी स्टूल टाकलं, मला एक रिकामं खोकं दिलं. ताईंनी विचारलं, "आज दोघं?"

"हे आमचे दशांशभाऊ. फक्त बघणार आहेत," नाना म्हणाले, आणि गप्प झाले.

ताईंनी एका शेतकऱ्याचं डिझाइन उघडलं. लांबी, रुंदी, पाच बाय साडेपाचची लागवड, पाचचा पंप. भराभर बोटं चालत होती. चढणीची चौकट आली. ताईंनी तीन टाकलं. आणि टाकताना किंचित हसल्या. शेजारणीच्या बाळाला खोटं खोटं रागावताना बाई हसते तसं.

नानांच्या डाव्या खिशात हात गेला. एक दाणा उजवीकडे.

मला राहवलं नाही. "ताई, हे शेत चढाचं आहे?"

"कुठलं! एकदम सपाट."

"मग तीन का टाकलं?"

ताईंनी आधी नानांकडे बघितलं, सांगू का असं. नानांनी छताकडे बघितलं.

"टाकावं लागतं हो," त्या म्हणाल्या. "दुपारी व्होल्टेज पडतं ना. पंप दमतो. तुमचं सॉफ्टवेअर धरून चालतं की पंप दिवसभर पूर्ण ताकदीने ओढतो. त्याच्या हिशोबाने नळी टाकली तर शेवटच्या चार ओळींना दुपारी पाणीच नाही जात. मग सॉफ्टवेअरले सांगायचं, बाबा, चढ आहे. तो बिचारा घाबरतो आणि जाड नळी देतो."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळेच टाकतात. फैजपूरवाल्यांनी मले सांगितलं, मी सावद्याच्यांना सांगितलं."

"मग मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलं? पाच दिलेत तुम्ही. प्रत्येकाला पाच."

ताई मनापासून गोंधळल्या. "अहो, तुमचं चांगलंच आहे की सॉफ्टवेअर. थोडं इकडून सांभाळून घ्यायचं असतं. आणि तुम्ही इतक्या आपुलकीने फोन करता, घरचे बरे आहेत का विचारता, तुम्हाले चार कसे द्यायचे? कशाले उगीच."

बाहेर बसलेला शेतकरी आत डोकावून म्हणाला, "भाऊ, मागच्या वर्षी माझ्या वावरात यांनी चढ टाकला नव्हता. शेवटच्या ओळींचे घड हे एवढे." त्याने दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते माप फार लहान होतं.

परतीच्या गाडीत मी मनात दोन गोष्टी मांडत होतो. पहिली: खऱ्या जमिनीची चढण दोन पॉइंट सात असते, तीन पॉइंट चार असते. एकशे बावीस शेतं बरोबर तीन मीटर कशी चढतील? ही शंका माझ्या बायकोलाही आली असती. मला आली नाही. दुसरी: माझा अहवाल मंजूर झाला असता, तर चौकटीत तीन मीटर आधीच भरलेले असते. ते सोय म्हणून भरले आहेत की व्होल्टेजसाठी, हे कुणालाच कळलं नसतं. जे आज खरंच चढाच्या शेतात खरा आकडा टाकतात, त्यांनी तो त्या तीनमध्ये मिळवला असता. आम्ही आमचीच चूक छापून, पक्की करून, सगळ्यांना वाटली असती.

नाना शेंगा खात होते. एक शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली. "खा. हा निकाल नाही."

"नाना, तुम्हाला हे माहीत होतं?"

"थोडंसं."

"मग सांगितलं का नाही?"

नानांनी टरफलं कागदात गोळा केली. उत्तर मला ऑफिसात मिळालं. शनिवार दुपार, कुणी नव्हतं. मी नानांच्या चिठ्ठ्यांची फाइल काढली. आठ महिन्यांपूर्वीची चिठ्ठी, त्यांच्या ड्रॉइंगवाल्या सुबक अक्षरात: ‘यावल. ताई चढण टाकताना हसतात. शेत सपाट असावं. जाऊन बघावं. दाणे: १.’ खाली लाल पेनाने माझा शेरा: ‘नमुना एकच. विचारात घेतले नाही.’ आणि त्याखाली माझी सही. सही फार चांगली आली होती.

सोमवारी बैठकीला आम्ही सहा जण होतो. साहेबांनी अहवालाची पानं चाळली आणि चढणीपाशी थांबले. "हे चांगलं सापडलंय तुम्हाला."

"ते चुकीचं आहे," मी म्हटलं.

मी यावलची हकिकत सांगायला सुरुवात केली, तर नाना मध्येच म्हणाले, "साहेब, आम्ही दोघं गेलो होतो. दोघांना मिळूनच सापडलं." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की मला क्षणभर तसंच राहू द्यावंसं वाटलं. सगळ्यांचंच भलं झालं असतं. त्यांचे दौरे राहिले असते, माझी आकडेवारी राहिली असती.

पण आकडा माहीत असून वेगळा लिहायचा, हे माझ्याने होत नाही. मी चिठ्ठी काढून साहेबांसमोर ठेवली.

"दोघांना नाही सापडलं. नानांना आठ महिन्यांपूर्वी सापडलं. मी ते फेकून दिलं. लाल पेनाचं अक्षर माझं आहे."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग अहवालाचं चौथं पान काढलं. शेवटचं वाक्य मी काळ्या पेनाने खोडलेलं होतं. वाचता येईल असं खोडलं होतं. जे लिहिलं ते लिहिलं होतं हे राहायला हवं.

"म्हणजे दौरे ठेवायचे?"

"हो."

"पण मी विचारलं होतं, दौऱ्यांतून काय मिळतं ते आकड्यांत सांगा. आकडा काय?"

"एक," मी म्हटलं.

"एक काय?"

नानांनी उजव्या खिशात हात घातला आणि शनिवारचा दाणा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो तुरीचा दाणा बोटाने थोडा पुढे सरकवून बघितला. मग म्हणाले, "ठेवा दौरे. पण महिन्यातून एकदा तुम्हीही यांच्याबरोबर जायचं." हे शिक्षा म्हणून होतं की बक्षीस म्हणून, मी विचारलं नाही. नानांनी दाणा उचलून परत खिशात टाकला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू लई सरळ शे भो. मी सांभाळी लेतो तर सांभाळू द्यायचं ना."

नवीन आवृत्तीत आम्ही चढणीच्या आधी एक प्रश्न घातला: ‘दुपारी व्होल्टेज पडतं का? किती?’ त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नाना माझ्या टेबलाशी यायचे. "खानदेश कितला सपाट झाया?" मी फाइली मोजून सांगायचो. तीन मीटरवाल्या एकशे बावीसच्या नव्वद झाल्या, मग चाळीस, मग नऊ. नवाच्या पुढे उतरेनात, तेव्हा आम्ही दोघं त्या नऊ जणांकडे गेलो. सात जणांना नवीन आवृत्ती मिळालीच नव्हती. एकाचा सवयीवर जास्त विश्वास होता. आणि एकाचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी होतं, खरोखर चढाचं. आम्ही मोजलं. दोन पॉइंट नऊ सहा. नानांनी मला ते मोठ्याने दोनदा म्हणायला लावलं.

दोन वर्षांनी त्यांचे डोळे अधू झाले आणि ते धुळ्याला मुलाकडे गेले. निरोपाला भाषण केलं नाही. मला तुरीची एक पुडी दिली. ती मी शर्टाच्या खिशात विसरलो, आणि कपडे धुवायला काढताना बायकोला सापडली. ती तिने तुरीच्या डब्यात ओतली आणि चार दिवसांनी ती डाळ करायला गेली. आता मी माझी वेगळी ठेवतो, डबीत, वर चिठ्ठी लावून.

मागच्या महिन्यात धुळ्याला काम होतं. देवपुरात त्यांच्या घरी गेलो. सोबत लॅपटॉप नेला होता, सगळ्यात नवी आवृत्ती घालून. म्हटलं, नाना, जरा चालवून बघा. ते खूश झाले. टेबलाशी बसले, चष्म्यावर चष्मा चढवावा तसे पडद्यावर वाकले आणि ते एक बोट बाहेर काढलं. मी मागे, थोडं डावीकडे, खुर्ची ओढून बसलो. त्यांनी मान वळवून एकदा बघितलं आणि परत पडद्याकडे वळले.

अर्धा तास लागला. एक एकर केळी त्यांनी पाणी देऊन पूर्ण केली. मग मागे टेकले आणि डोळे पुसले.

"चांगलं शे भो," म्हणाले. "पाचपैकी पाच."

माझ्या उजव्या खिशात अकरा दाणे होते.

"नाना, अकरा."

ते पडद्याकडेच बघत होते. पण हसले, चढण टाकताना यावलच्या ताई हसल्या होत्या तसे. मग हात मागे करून म्हणाले, "बरोबर मोजले का? आण इकडे."